जाळी काढायची घाई करू नका

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, ऑगस्टमध्ये आमच्या घरामागच्या वहाळातून मरळीच्या कुळातले दोन छोटे मासे आणले. चन्ना गाचुआ असावेत. एक साडेपाच इंचांचा, दुसरा जेमतेम पाच. दोन फुटी टँकमध्ये एकत्र सोडले. चार-पाच दिवस अगदी गुण्यागोविंदाने राहिले. मग एका सकाळी बघतो तर लहान माशाची शेपटी फाटलेली, अंगावरचे खवले गेलेले आणि तो वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभा. लगेच मध्ये प्लास्टिकची जाळी लावली. आता दोन आठवडे झाले. दोघं दिवसभर जाळीला तोंड लावून समोरासमोर असतात. मला यांची पिल्लं काढायची आहेत. एक मित्र म्हणतो, एकदा मनसोक्त भांडू दे, मग जमतं. दुसरा म्हणतो, तिसरा मासा टाक, राग वाटला जाईल. नाहीच जमलं तर कोलकात्याहून मादी मागवता येते असंही कळलं. जाळी कधी काढू?"

नमस्कार.

शेपटी फाटलेली दिसताच तुम्ही जाळी लावली, म्हणून तो मासा आज जिवंत आहे. ती जाळी कधी काढायची याचं उत्तर आधी देऊन टाकते: आज नाही, या महिन्यात नाही, आणि आहे त्या दोन फुटी टँकमध्ये तर कधीच नाही.

'एकदा भांडू दे' हा सल्ला या हौसेत सगळ्यात जास्त मासे मारतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते. वहाळात दोन मासे भांडले की ते भांडण पटकन मिटतं. हरलेला मासा दगडाआड शिरतो, मुळांच्या जाळ्यात घुसतो, नाहीतर सरळ पुढच्या डोहात निघून जातो. जिंकलेला मासा फार लांबवर पाठलाग करत नाही, कारण थोडं पुढे गेलं की त्याची हद्द संपते. काचेच्या टँकमध्ये ती संपतच नाही. हरलेला मासा शरण आलेला असतो, पण तो अजून समोरच दिसत राहतो. मग जिंकलेल्याच्या लेखी भांडण चालूच राहतं. हे मासे तुमच्याकडे आल्यावर क्रूर झालेले नाहीत. पळून जायची वाट बंद झाली, एवढंच झालंय. तुम्ही पुढे जे काही कराल ते ही वाट पुन्हा तयार करण्यासाठी करा. भांडण अजिबात होऊ नये हा हट्ट धरू नका, थोडी ढकलाढकली होणारच. ती झाल्यावर कमजोर माशाला निसटता आलं पाहिजे.

पहिले चार-पाच दिवस शांत का गेले, हेही समजून घ्या. नुकताच पकडलेला मासा धास्तावलेला असतो. पाणी वेगळं, उजेड वेगळा, चारी बाजूंनी माणसांची ये-जा. त्या अवस्थेत तो दुसऱ्या माशाकडे लक्षच देत नाही. ज्या दिवशी मोठ्याला ही जागा आपली वाटू लागली, तो नीट खाऊ लागला, त्या दिवसापासून तो ती राखायला लागला. रानातून आणलेल्या कुठल्याही माशाचं असंच असतं. पहिला आठवडा शांत गेला म्हणून जोडी जमली असं धरू नये. खरं लक्ष तिथून पुढे ठेवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही. हे नर-मादी आहेत हे कशावरून? या जातीत लहान वयात फरक ओळखूच येत नाही आणि मोठेपणीही नवख्याची फसगत होते. मोठा तो नर आणि लहान ती मादी, या हिशोबाला अर्थ नाही. दोघांना आळीपाळीने उथळ पांढऱ्या टबमध्ये घ्या, वर झाकण ठेवायला विसरू नका, आणि पाणी शांत झालं की बरोबर वरून फोटो काढा. नराचं डोकं रुंद, चपटं दिसतं आणि त्यामागचं अंग सरळ निमुळतं होत जातं. मादीचं डोकं त्या मानाने अरुंद असतं आणि छातीच्या परांच्या मागे पोट दोन्ही बाजूंना भरलेलं दिसतं. बाजूने बघितलं तर नराचे पाठीवरचे आणि पोटाखालचे लांब पर मागे जास्त वाढलेले असतात, मिटले तरी टोकं शेपटीवर येतात. ही लक्षणं एकेकटी फसवतात. तीनही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच विश्वास ठेवा. फोटो रिकाम्या पोटी असतानाचे काढा, नाहीतर भरपेट गांडुळं खाल्लेला नरही मादीसारखा दिसतो. दोघं नर निघाले तर जगातली कुठलीही जाळी उपयोगाची नाही. त्यांना कायमचं वेगळं ठेवायचं आणि तो विषय तिथेच संपवायचा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: 'वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभा.' टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या भांडखोर सिक्लिड कुळातल्या माशांबद्दल जे सल्ले दिले जातात, ते इथे अपुरे का पडतात हे त्या एका वाक्यात आहे. मरळीच्या कुळातले मासे कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेतात. ठरावीक वेळाने त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर यावंच लागतं. येऊ दिलं नाही तर ते गुदमरतात. म्हणजे तुम्ही तळाशी कितीही सुंदर गुहा केल्या, तरी लपलेल्या माशाला श्वासासाठी बाहेर पडून वर जावं लागणार, आणि दांडगा मासा नेमका तिथेच टपून बसणार. मार तिथे बसतो. म्हणून या जातीसाठी लपायची जागा वरही हवी. मनीप्लांटच्या फांद्या टँकच्या कडेला अशा अडकवा की मुळांचे झुपके पाण्यात खोलवर लोंबतील. हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती दाट सोडा, इतकं की वरून पाहिलं तर निम्मं पाणी दिसू नये. एखादं वेडंवाकडं लाकूड असं बसवा की त्याचा शेंडा पृष्ठभागाच्या जरा खाली येईल. मासा त्याच्या आडोशाने वर येईल, घोट घेईल आणि कुणाच्या नजरेस न पडता परत खाली जाईल.

टँक किमान तीन फुटी घ्या, आणि उंचीपेक्षा रुंदी बघा. दीड फूट रुंद असेल तर उत्तम. उंच, अरुंद टँक दिसायला छान असतो, पण त्यात एका माशाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येत नाही. तळाला पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवा, दोन्ही तोंडं उघडी असलेले. एकच तोंड असलेली मडकी नकोत. आत कोंडीत सापडलेला मासा बाहेर येऊ शकत नाही आणि तिथेच मरतो. लाकूड, दगड, झाडं अशी मांडा की एका टोकाकडून दुसरं टोक सलग दिसणार नाही. तीन फुटांत दोन आडोसे आले तरी माशाच्या दृष्टीने ते तीन वेगळे कोपरे होतात.

झाकण घट्ट हवं, त्यावर वजन हवं, आणि पाणी व झाकण यांच्यात काही इंच हवा हवी. हे मासे पावसात एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात ओल्या जमिनीवरून सरपटत जातात. फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेली फट त्यांना पुरते. मार खाणारा मासा तर उडी मारतोच. सकाळी फरशीवर सुकलेला मासा सापडणं फार वाईट. त्यातले बरेचसे मासे टँकमध्ये छळ होत होता म्हणूनच बाहेर आलेले असतात.

जाळीबद्दल. चौकटींची प्लास्टिकची जाळी असेल तर ठीक. ती तळाच्या वाळूत रोवलेली आणि वर झाकणाला टेकलेली हवी. पातळ मच्छरदाणी दात लागून फाटते. दोघं जाळीला तोंड लावून असतात, याचे दोन अर्थ होऊ शकतात, आणि त्यातला कुठला हे बघायची एक साधी रीत आहे. जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत, एकाच वेळी एकेक गांडूळ सोडा आणि मोठ्या माशाकडे बघा. तो समोरचं गांडूळ सोडून जाळीपलीकडच्या माशावर धडक मारतो का? मारत असेल तर त्याच्या डोक्यात अजून फक्त लढाई आहे. आधी गांडूळ खाऊन मग वळून जाळीकडे गेला, तर थोडी प्रगती. दोघं एकमेकांपासून वीतभर अंतरावर निवांत खात असतील, आणि खाऊन झाल्यावरही जाळीजवळच शेजारी-शेजारी विसावत असतील, परांवर ताण नसेल, तर तेव्हा जाळी काढायचा विचार करावा. हे रोज बघा, एकदा बघून ठरवू नका. खाणं नेहमी जाळीजवळच द्या. दुसरा मासा दिसला की खायला मिळतं, हे दोघांच्या अंगवळणी पडू द्या.

रंगही वाचायला शिका. स्वतःवर खूश असलेल्या गाचुआचे पर निळसर गडद होतात, कडेची केशरी किनार उठून दिसते. दबलेला मासा फिकट, मातकट होतो, पर अंगाला चिकटवतो. तुमचा लहान मासा जाळीमागे सुरक्षित असूनही फिकटच राहत असेल तर त्याला समोरचा दिसणंसुद्धा सहन होत नाहीये. अशा वेळी जाळीवर काही दिवस काळा कागद लावा. शेपटी भरून येऊ दे, खाणं सुधारू दे. पाण्याचा तिसरा हिस्सा दर आठवड्याला बदला, देशी बदामाची दोन-चार वाळकी पानं टाका, जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तर लिटरला एक-दोन ग्रॅम जाडं मीठ पुरे. दुकानदार सांगेल ती अँटिबायोटिकची पुडी लगेच टाकू नका. वहाळातून आलेल्या माशांच्या पोटात जंत आणि परांच्या बुडाशी दोऱ्यासारखा अँकर वर्म हा परजीवी असणं नेहमीचं आहे. तेही तपासा. खंगलेल्या माशाला कुठलाच जोडीदार स्वीकारत नाही.

आता ऋतूबद्दल, कारण मला वाटतं तुमची सगळ्यात मोठी संधी तिथे आहे. तुम्ही कोकणात राहता, मासेही तिथलेच आहेत. म्हणजे वहाळातल्या पाण्याचं वर्षभराचं वेळापत्रक तुमच्या अंगणातच आहे. हीटर लावू नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी आपोआप गार होईल, मासे सुस्तावतील, कमी खातील. तुम्हीही खाणं कमी करा. या जातीची पहिली गाठभेट घालायला हाच काळ बरा, कारण गार पाण्यात अंगात तेवढी रग नसते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी थोडी खाली जाऊ द्या. जूनमध्ये पाऊस लागला, की पहिले दोन-तीन मोठे पाऊस जाऊ देऊन स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी थोडं-थोडं घालत पातळी वाढवा आणि गांडुळं, छोटी कोलंबी असं खाणं भरपूर द्या. वीण झाली तर तेव्हा होईल. ऑक्टोबरात जबरदस्तीने जोडी लावून तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

जाळी काढायचा दिवस सुट्टीचा ठेवा, सकाळी काढा, दिवसभर घरी राहा. आदल्या दिवशी दोघांना पोटभर खायला द्या. त्या दिवशी दोघांनाही टँकबाहेर काढा, लाकडं-दगड सगळं हलवून नव्याने मांडा, मग आधी कमजोर माशाला सोडा. त्याला जागा धुंडाळायला तास-दोन तास मिळू द्या. दांडगा मागून येऊ दे. जुनी मांडणी तशीच ठेवली तर त्याचं राज्य शाबूत राहतं आणि पहिल्या मिनिटाला मारामारी होते. दिवा बंद ठेवा, खिडकीतला उजेड पुरे.

मग बघत बसा. पर फुलवून एकमेकांना बाजू दाखवणं, शेजारून थरथरत जाणं, शेपटीने पाणी ढकलणं, हे सगळं चालू द्या. एकाने दुसऱ्याच्या कुशीला डोकं टेकवलं, आणि दुसऱ्याने ते चालवून घेतलं, तर आनंद माना. तोंडात तोंड अडकवून ओढाओढ झाली आणि दोघं सुटून आपापल्या बाजूला गेले, तरी थांबा. पण एकाच माशाचा पाठलाग होतोय, तो श्वासाला वर येतानाच त्याच्यावर झडप पडतेय, किंवा तो फिकट पडून कोपऱ्यात उभा राहिलाय आणि तरीही टोचणं थांबत नाही, असं दिसलं की क्षणाचाही विचार न करता जाळी परत लावा. पहिले काही दिवस रात्री जाळी, दिवसा मोकळीक असं ठेवा. तुम्ही झोपलेले असताना काय होईल याचा भरवसा धरू नका.

एकदा जमलं की कायमचं जमलं असंही नाही. एका माशाला उपचारासाठी बाहेर काढून काही दिवसांनी परत सोडलं तर दुसरा त्याला परका समजतो. मोठी साफसफाई केली, मांडणी बदलली, नराने अंडी गिळून टाकली, अशा प्रत्येक वेळी जुनं भांडण उफाळू शकतं. जाळी फेकून देऊ नका, टँकशेजारी हाताशी ठेवा.

तिसरा मासा टाकायचा का? राग वाटून घेण्याची युक्ती मोठ्या टँकमध्ये, घोळक्याने राहणाऱ्या माशांत चालते. तीन फुटांत तिसरा गाचुआ टाकलात तर एक जोडी जमेल कदाचित, पण तिसरा मरेल. छोटे चपळ डॅनिओ टाकले तर ते एकेक करून पोटात जातील. दोन्ही नको.

कोलकात्याची मादी तर अजिबात नको, आणि इथे मी जरा ठामपणे बोलते. स्कॉटिश निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना गाचुआ हे नाव दिलं, ते तिकडच्या माशाला. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षं भारतभरच्या आणि भारताबाहेरच्याही सारख्या दिसणाऱ्या माशांना तेच नाव चिकटत गेलं. आता अभ्यासक ती गाठ सोडवतायत. श्रीलंकेतला मासा चन्ना केलार्टी म्हणून वेगळा काढला गेलाय. सह्याद्रीतल्या वहाळांमधले मासे आणि बंगालमधले मासे एकच आहेत, असं धरून त्यांची जोडी लावणं म्हणजे दोन वेगळ्या वंशांची सरमिसळ करणं. तुमच्या वहाळाचा मासा तुमच्या वहाळाच्याच माशाबरोबर ठेवा. पिल्लं झालीच तर ती कुठल्या वहाळातली आहेत हे लिहून ठेवून द्या, तसं न लिहिलेल्या पिल्लांची किंमत माझ्या लेखी निम्मी होते.

ही जोडी नाहीच जमली तर जास्त बरा मार्ग असा: एकाच वहाळातली पाच-सहा छोटी पिल्लं, बोटाएवढी, एकत्र वाढवायची. लहानपणापासून सोबत असलेल्यांत जोडीदार ते स्वतः निवडतात. दोघं एका कोपऱ्यात राहायला लागून बाकीच्यांना हाकलू लागले, की त्याच दिवशी बाकीच्यांना बाहेर काढायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. याला वर्ष-दीड वर्ष जातं. पण रानातून आणलेल्या दोन मोठ्या माशांची गाठ घालण्यापेक्षा यात मासे कमी मरतात.

पकडायला जाल तेव्हा मात्र जपा. पावसाळ्यात ज्या माशाभोवती पिल्लांचा थवा असेल, त्याला हात लावू नका. या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो. पुढे पिल्लं बाहेर आली की मादी त्यांच्यासाठी न फळलेली अंडी घालते, पिल्लं तीच खाऊन वाढतात. दोघांतला एक उचललात तर सगळा थवा गेला. तुमचा तालुका सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य यांच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वहाळ कुठे अभयारण्यात शिरतो हे वनरक्षकाला विचारून घ्या. आणि नको झालेला मासा परत वहाळात सोडू नका. दुकानातल्या माशांच्या पाण्यातून आलेला रोग त्याच्यासोबत तिकडे जाईल. त्याला एकटा टँक द्या, किंवा नीट सांभाळणाऱ्या कुणाला तरी द्या. एकटा गाचुआ सुखात राहतो, माणसाला ओळखतो, हातातून गांडूळ घेतो.

पुढे खरंच वीण झाली तर नर मादीभोवती अंगाचा वेढा घालेल, अंडी तरंगत वर येतील आणि तो ती तोंडात गोळा करेल. त्याचा गळा फुगलेला दिसेल, तो खाणार नाही. तेव्हा मादीला बाहेर काढायचा मोह होतो, कारण ती त्याच्याभोवती घुटमळत राहते. काढू नका, ती राखण करत असते. टँकवर कापड टाका, पाणी बदलू नका, फोटो काढायला टॉर्च मारू नका. घाबरलेला नर अंडी गिळतो.

सध्या तीन कामं करा. तीन फुटी टँकची सोय बघा. गांडुळाची परीक्षा रोज घ्या आणि काय दिसलं ते वहीत लिहा. आणि दोन्ही माशांचे वरून आणि बाजूने काढलेले फोटो मला पाठवा, शेजारी पट्टी ठेवून. नर-मादी आहेत का हे आधी नक्की करू, मग थंडीत जाळी काढायची का ते ठरवू.